शिंगरू घ्यायचं आणि वाढवायचं: प्रकल्प नोंदी

2 ऑगस्ट

तयार घोडा घ्यायचा नाही, दूध तुटण्याच्या वयाचं शिंगरू घेऊन ते आपल्या हाताखाली वाढवायचं, हे पक्कं झालं. कशासाठी घ्यायचं ते आजच लिहून ठेवते, कारण एखादं देखणं शिंगरू डोळ्यांत भरलं की माणूस त्याच्याकडे बघून आपली गरज ठरवायला लागतो. शर्यत नाही, प्रदर्शन नाही, अडथळ्यांवरून उड्या नाहीत. खडकाळ, चढउताराच्या वाटांवर दिवसभर चालेल असा, मजबूत पायांचा आणि शांत डोक्याचा घोडा हवा आहे.

मापाचा हिशेब असा. स्वार आणि खोगीर मिळून ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. माझं आणि खोगिराचं मिळून ऐंशी किलो धरले तर पूर्ण वाढलेला 400 किलोचा घोडा पुरतो. उंचीत सांगायचं तर 14.2 हँडच्या आसपास. एक हँड म्हणजे चार इंच आणि बिंदूनंतरचा आकडा वरच्या इंचांचा, म्हणजे जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत 58 इंच. याहून उंच शिंगराच्या मागे लागायचं कारण नाही.

काकांची हयात पागेत गेली आहे. त्यांनी एकच अट घातली. "मोठ्या घोड्यांवर तुझा हात बसलाय म्हणून हो म्हणतो. पण मोरकी घालण्यापासून सगळं तू करायचंस, मी बाजूला उभा राहीन." नवखा माणूस आणि कोवळं शिंगरू ही जोडी त्यांना मान्य नाही, आणि मलाही ते पटतं.

9 ऑगस्ट

जागेची कामं. कुंपणाची काटेरी तार काढून टाकली. घोडा घाबरला की आधी पळतो आणि मग बघतो. पायात तार अडकली तर तो ओढत राहतो आणि कंडरा कापली जाते. तारेच्या जागी आडव्या लाकडी फळ्या बसवल्या. लोळताना पाय खालून जाऊन अडकू नये इतपत अंतर तळाला ठेवलं. तबेल्यातला बारा फूट बाय बारा फुटांचा एक कप्पा मोकळा केला, पण तो आजारपणापुरता आणि खराब हवेपुरता. वाढत्या हाडांना दिवसरात्र मोकळं फिरणं लागतं.

सोबतीचा प्रश्न मला कुंपणापेक्षाही मोठा वाटतो. एकटं वाढलेलं शिंगरू माणसालाच कळप समजतं किंवा सदा बिथरलेलं राहतं. आमच्याकडे एक वयस्क, समजूतदार घोडी आहे आणि शेजारच्या कुरणात सव्वा वर्षाचा नर आहे. म्हातारी शिस्त लावेल आणि तो खेळायला मिळेल. मोठ्या घोड्यासमोर शिंगरू मान पुढे करून तोंड उघडझाप करत दात वाजवतं, म्हणजे "मी लहान आहे, मारू नकोस" असं सांगतं. किती जोरात चावलं तर चालतं आणि कुणाच्या अंगाला कधी भिडायचं नाही, हे धडे त्याला घोडेच देतात. माणसाला ते इतक्या नेमकेपणाने देता येत नाहीत.

20 ऑगस्ट

कोणत्या वयाचं घ्यायचं यावर बराच विचार केला. दोन-तीन वर्षांचं घेतलं तर बांधा स्पष्ट दिसतो, पण तोवर त्याच्यावर कुणी काय केलंय हे कळत नाही, आणि लवकर स्वारी झालेली असेल तर तिची किंमत सांधे पुढे मोजतात. वर्षाचं शिंगरू सगळ्यात बेढब असतं, कधी मागून उंच, कधी नुसतेच पाय. जाणते घोडेवाले म्हणतात, तीन दिवसांचं, तीन आठवड्यांचं आणि तीन महिन्यांचं असताना बघा, तेव्हा मोठेपणीची ठेवण दिसते. मधल्या काळात फसगत होते.

सहा महिन्यांचं शिंगरू आपल्या अंतिम उंचीच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं, वजन मात्र निम्म्यालाही पोचलेलं नसतं. उंचीचा अंदाज तिथेच येतो. आई सोबत असते म्हणून तिलाही बघता येतं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा. म्हणून पाच ते आठ महिने हे वय ठरवलं.

वय दातांवरून ताडून बघायचं. दुधाच्या पुढच्या दातांतली मधली जोडी जन्मानंतर आठवडाभरात येते, शेजारची चार ते सहा आठवड्यांत, कडेची सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान. विकणारा "पाच महिन्यांचं" म्हणाला आणि कडेचे दात पूर्ण वर आलेले असले तर शिंगरू मोठं आहे. शर्यतीच्या घोड्यांचं वय उत्तर गोलार्धात 1 जानेवारीपासून मोजतात, दक्षिणेत 1 ऑगस्टपासून; तसल्या कागदांवर जन्माची खरी तारीख वेगळी बघायची.

6 सप्टेंबर

पहिलं शिंगरू बघितलं. सात महिन्यांचा नर, तांबूस, तुळतुळीत, बघताक्षणी नजर खिळवणारा. वयाच्या मानाने खूपच भरलेला. फासळ्यांवरून हात फिरवला तर फासळी लागत नव्हती. मालक अभिमानाने सांगत होते की सुरुवातीपासून दाण्याला कधी हात आखडला नाही.

खाली वाकून पाय बघितले. पुढच्या गुडघ्याच्या लगेच वर हाड फुगलेलं, खुरावरच्या सांध्याच्या वरही तसंच. समोरून बघितलं की सांधा वाळूच्या घड्याळासारखा दिसत होता. हात ठेवला तर जागा कोमट लागली. हाडाच्या टोकाला कूर्चेचा जो थर वाढतो तिथली ही सूज. भरमसाट दाणा, झपाट्याने वाढ आणि खनिजांचा तोल बिघडलेला, हे एकत्र आलं की ती दिसते. खूरही उभट होत चालले होते, टाच उंच आणि पुढचा भाग सरळ. कंडरा हाडाच्या वाढीला पुरत नाही तेव्हा असं होतं.

यातलं बरंचसं योग्य खाण्याने आणि खुरांच्या देखभालीने सुधारतं, हे खरं. पण सांध्याच्या आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही, आणि मला याच पायांवर वीस वर्षं डोंगर चढायचे आहेत. मालकांना मी फुगलेली जागा दाखवली आणि दाणा कमी करून डॉक्टरांना बोलवा असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. वाईट वाटलं, कारण त्यात त्या पिल्लाचा काही दोष नाही.

14 सप्टेंबर

आई गेल्यामुळे बाटलीवर वाढलेलं शिंगरू. प्रकृती बरी. कुरणात पाऊल टाकलं तसं धावत आलं, छातीवर डोकं घासलं, बाही ओढली, आणि मी बाजूला झाले तर वळून मागचे पाय माझ्याकडे केले. घरातली मुलं याला लाड म्हणत होती. आज त्याचं वजन दीडशे किलो आहे, उद्या चारशे होईल, आणि माणूस म्हणजे ढकलायची वस्तू हे त्याने पक्कं शिकून घेतलंय. त्याला लगेच घोड्यांच्या कळपात सोडणारं घर हवं. आमच्याकडे ते जमलं असतं का, याचा विचार रात्रभर केला. काकांनी विचारलं, "तुला घोडा वाढवायचाय की उपकार करायचेत? दोन्ही चांगलं आहे, पण ठरव." मी ठरवलं. त्या शिंगराला सोबत म्हणून एखादं खच्ची केलेलं शांत घोडं शोधून द्यायला मदत करते आहे.

त्या घरी एक प्रश्न मी मुद्दाम विचारला: चीक मिळाला होता का? घोडीच्या नाळेतून पिल्लाला रोगप्रतिकारक प्रथिनं मिळत नाहीत, ती सगळी चिकातून यावी लागतात, आणि शिंगराचं आतडं ती शोषून घेतं ते जेमतेम पहिल्या दिवसभरापुरतं. उभं राहायला तास-दोन तास आणि दूध ओढायला आणखी तासाभराच्या आत, असं झालं तर सगळं ठीक. हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारायचा. जन्माच्या रात्री कुणी जागं होतं का, हे उत्तरातून आपोआप कळतं.

21 सप्टेंबर

आज बरंच काही बघायला मिळालं. मोठं कुरण, घोड्या आणि त्यांची शिंगरं एकत्र. मालकीणबाईंनी आम्हाला थेट आत नेलं नाही. म्हणाल्या, "आधी कुंपणाबाहेर उभे राहा. तुम्ही आलात हे विसरू दे त्यांना." मला त्या तिथेच आवडल्या.

विकायची दोन शिंगरं होती. एक लालसर नर, दुसरी गडद तपकिरी मादी, काळी आयाळ, जन्म 6 मार्च. नर पुढे पुढे, सगळ्यांना खेळात ओढणारा. मादी आधी उभी राहून बघायची आणि मग सामील व्हायची. एकदा कोपऱ्यातून पक्ष्यांचा थवा उडाला. सगळी शिंगरं उधळली, तीही उधळली, पण वीसेक पावलांवर थांबून मागे वळली आणि कान पुढे करून बघत राहिली. घाबरणं घोड्याच्या रक्तात आहे, त्याला माझी हरकत नाही. घाबरल्यानंतर किती लवकर सावरतो, यावर डोंगरातल्या अरुंद वाटेवर माझा जीव अवलंबून असणार आहे.

तिची आई 148 सेंटिमीटर, म्हणजे 14.2 हँडला चिकटून. मालकीणबाईंनी तिला खरारा केला, चारही पाय उचलून दाखवले, मोरकी न घालता. घोडी डोळे अर्धे मिटून उभी होती आणि ते तपकिरी पिल्लू तिच्या पोटाच्या आडून सगळं बघत होतं. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत पिल्लासमोर आईला शांतपणे खरारा केला तर पिल्लू माणसाला लवकर जवळ येऊ देतं, असं प्रयोगांतही दिसून आलंय. पिल्लाला धरून जबरदस्तीने चोळण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी चांगला. बाप तिथे नव्हता, पण त्याची उंची, त्याची आधीची संतती आणि ती आज काय काम करतेय हे विचारून घेतलं.

नराच्या मालकीबद्दल आणखी दोघं विचारत होते. कारण त्याचा रंग. सोनेरी झाक असलेला लाल रंग खरंच सुंदर होता. पण शिंगराच्या रंगावर पैसे लावू नयेत. पहिली लव गळली की छटा बदलते, आणि पुढे पांढरी होणारी शिंगरं तर जन्मतः गडदच असतात; डोळ्यांभोवती पांढरे केस दिसायला लागले की कळतं. आईबापांपैकी एक तरी तसा असल्याशिवाय पिल्लू पांढरं होत नाही. अशा घोड्यांत उतारवयात त्वचेखाली काळ्या गाठी होण्याचं प्रमाण फार मोठं आहे, हेही रंगावर भुलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

22 सप्टेंबर

कालच्या पायांच्या नोंदी सविस्तर.

सपाट, टणक जमिनीवर उभं करून समोरून बघायचं: खांद्याच्या टोकापासून ओळंबा सोडला असं धरलं तर रेघ गुडघ्याच्या, नळीच्या हाडाच्या, खुराच्या मधोमध जायला हवी. बाजूने बघायचं: गुडघा मागे दबलेला नको. थोडा पुढे आलेला चालतो, पण मागे दबलेल्या गुडघ्यावर प्रत्येक टापेला हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर आदळतात. मागचा पायही बाजूनेच बघायचा: त्याचा तो टोकदार सांधा, म्हणजे घोड्याची टाच, फार वाकलेला नको आणि अगदी सरळ खांबासारखाही नको.

नर शिंगराचे दोन्ही पुढचे खूर आत वळलेले, आणि वळण खुरावरच्या सांध्यातूनच. मादीचे पुढचे दोन्ही पाय थोडे बाहेर वळलेले, पण तिचा अख्खा पायच वरपासून बाहेर फिरलेला, गुडघासुद्धा त्याच दिशेला. मला दोन्ही दोष सारखेच वाटतात का, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं नाही, आणि कारण सांगितलं. शिंगराची छाती अरुंद असते, कोपर अंगाला चिकटलेलं असतं, त्यामुळे सगळा पाय बाहेर फिरतो. छाती रुंदावली की कोपर बाहेर ढकललं जातं आणि पाय बराच सरळ होतो. खुरावरच्या सांध्याचं तसं नाही. तिथली वाढ मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत आटोपते. सहा महिन्यांच्या शिंगराचा तिथला बाक आता आयुष्यभराचा. गुडघ्याच्या वरची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते, म्हणून तिथल्या किंचित बाकाला अजून वाव असतो.

चाल बघायला सकाळच्या ओल्या मातीची पट्टी उपयोगी पडली. आई पुढे, पिल्लू मागे. मादीच्या मागच्या खुराचा ठसा पुढच्या खुराच्या ठशाच्या चांगला चार बोटं पुढे पडला होता, दोन्ही बाजूंना सारखा. लांब, सैल कदम, म्हणजे घोड्याची साधी चाल. रपेटीच्या घोड्यात मी कदमच बघते. दुडकी शिकवून सुधारते, दौडही थोडी सुधारते, पण आखूड कदमाचा घोडा आखूडच चालतो.

29 सप्टेंबर

स्वभाव बघायला वेगळा वेळ काढला, मालकीणबाईंच्या परवानगीने. कुरणात बसून राहिले. मादी काही वेळाने आली, हुंगलं, गेली, परत आली. हात पुढे केला नाही. खांद्यावर खाजवलं तेव्हा तिचा वरचा ओठ लांब झाला. नंतर कुंपणाबाहेर काकांनी छत्री हळूच उघडली. ती दचकली, मागे सरली, नाकपुड्या फुगवून फुत्कारली, आणि मग त्याच छत्रीकडे एकेक पाऊल टाकत आली. नर पार दुसऱ्या टोकाला गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. एका दिवसाच्या वागण्यावरून स्वभाव ठरत नाही. म्हणून वेगळ्या हवेत, वेगळ्या वेळी जाऊन हे पुन्हा बघितलं, तेव्हाही साधारण हेच चित्र होतं.

नर की मादी हा वाद घरात झाला. नराला वेळेवर खच्ची करावं लागतं, त्याआधी दोन्ही अंडकोष खाली उतरलेत ना ते बघावं लागतं, आणि खच्ची झालेला घोडा वागायला सगळ्यात एकसारखा असतो हे मान्य. मादी माजावर असताना कधी चिडचिडी होते. पण माझ्यासाठी इथे लिंगापेक्षा पाय महत्त्वाचे आहेत.

8 ऑक्टोबर

मादीची डॉक्टरांकडून तपासणी. विकणाऱ्यांकडे नेहमी जाणारे डॉक्टर नकोत, आपले वेगळे न्यायचे, हे आधीच ठरलं होतं.

हृदय आधी शांत उभं असताना आणि नंतर पळवल्यावर ऐकलं. डोळे अंधाऱ्या कप्प्यात दिव्याने बघितले. बेंबीजवळ हर्निया नाही. वरचे-खालचे दात समोरासमोर जुळतात. वरचा जबडा पुढे आलेला असला तर चरायला त्रास होतो. कडेचे दात हिरडीतून नुकते डोकावत होते, सात महिन्यांना शोभतील असे. रक्ताचा एक नमुना वेगळा काढून ठेवला. वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध देऊन शिंगरू दाखवलं असा संशय पुढे कधी आला तर तो तपासता येतो. मालकीणबाईंनीच आधी सुचवलं, हे विशेष.

पायांबद्दल डॉक्टरांचं मत माझ्यासारखंच पडलं. मग क्ष-किरण. टाचेचे सांधे स्वच्छ. मांडीखालचा सांधा, म्हणजे घोड्याचा खरा गुडघा, तिथे डाव्या बाजूला हाडाची एक कड किंचित सपाट दिसली. कूर्चेचं हाडात रूपांतर होताना एखादा तुकडा मागे राहतो तेव्हा अशी खूण दिसते. मी गप्पच झाले. डॉक्टर म्हणाले, "घाई करू नका. टाचेच्या सांध्यात जे दिसतं ते पाच महिन्यांनंतर सहसा बदलत नाही, पण या सांध्यात साधारण आठ महिन्यांपर्यंत भरून येण्याची शक्यता असते. ही अजून सातचीच आहे. सूज नाही, लंगडणं नाही. साडेआठ महिन्यांची झाली की पुन्हा काढू."

12 ऑक्टोबर

करार लेखी केला. काही रक्कम आता, उरलेली दुसऱ्या क्ष-किरणानंतर. खूण तशीच राहिली किंवा वाढली तर व्यवहार रद्द आणि दिलेली रक्कम परत. तोवर ती आईजवळच राहणार, खाण्यात दाणा बेताचा, मोकळं फिरणं चालू. मानेच्या डाव्या बाजूला बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक डॉक्टरांनी यंत्राने वाचून करारात लिहिला. ज्या शिंगराची तपासणी झाली तेच घरी येतंय याची खात्री त्याच क्रमांकावरून होते.

दूध तोडण्याची पद्धतही लिहून घेतली. एका दिवसात आईपासून तोडून गाडीत घालायचं नाही. आधी मजबूत कुंपणाच्या दोन बाजूंना, एकमेकींना बघता-हुंगता येईल अशा, आणि पिल्लासोबत ओळखीचं दुसरं शिंगरू. आई, ओळखीचा कळप आणि जागा हे सगळं एका दिवसात हिरावलं तर शिंगरू खाणं टाकतं, कुंपणावर धडका मारतं आणि त्याच आठवड्यात आजारी पडतं.

20 नोव्हेंबर

कड भरून आली आहे. डॉक्टरांनी दोन्ही प्रती शेजारी लावून दाखवल्या. ऑक्टोबरच्या प्रतीत जिथे सपाट दिसत होतं तिथे आता गोलाई सलग आहे. व्यवहार पूर्ण.

6 डिसेंबर

आली. गाडीत सोबतीला तिचं ओळखीचं शिंगरू होतं, ते परत गेलं. पहिले तीन आठवडे वेगळा कप्पा आणि वेगळं छोटं कुरण. म्हातारी घोडी दिसेल, ऐकू येईल, पण नाकाला नाक लागणार नाही इतक्या अंतरावर. खरारा, बादल्या, दावं सगळं वेगळं, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी. गळ्याच्या गाठी पिकवणारा जो संसर्गजन्य आजार शिंगरांत फार पसरतो, त्यात ताप आधी येतो आणि नाकातून जंतू बाहेर पडणं एक-दोन दिवसांनी सुरू होतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ तापमान घ्यायचं. 37.5 ते 38.5 अंशांच्या आत असलं की ठीक. आज 38.2. रात्री बरीच हाका मारत होती. म्हातारी प्रत्येक हाकेला उत्तर देत होती, त्याने मला धीर आला.

19 डिसेंबर

शेणाचा नमुना तपासला. गोल जंतांची अंडी आहेत. शिंगरांतला हा मुख्य जंत. अळ्या यकृतातून आणि फुप्फुसांतून प्रवास करतात म्हणून खोकला येतो, आणि पूर्ण वाढलेले जंत वीतभराहून लांब असतात. पोटात फार झाले असताना एकदम जालीम औषध दिलं तर मेलेल्या जंतांचा गोळा आतडं अडवतो. काही ठराविक औषधांना हे जंत जुमानेनासे झालेत, त्यामुळे कोणतं आणि किती हे डॉक्टरांनी ठरवलं. दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना. धनुर्वाताची लस आईला होती, म्हणून हिची सहाव्या महिन्यात सुरू झाली. पुढचे डोस तक्त्यावर लिहिले. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, खिळ्याची एक जखम पुरते.

11 जानेवारी

खाणं. मुख्य आहार चारा, दिवसभर तोंड चालू राहील असा. जोडीला वाढत्या घोड्यांसाठीचं खनिजमिश्रण. शेजारून कोंड्याचा सल्ला मिळाला. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि शिंगराला नेमकं उलट हवं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट. तोल उलटा झाला की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. कोंडा बंद. दर पंधरवड्याला फासळ्यांवर हात ठेवून बघते: फासळी दिसू नये, पण बोटांना लागावी.

शिकवणं दिवसातून थोडा वेळच. मोरकी घालणं, दोरीला हलकी ओढ बसली की पाऊल पुढे, थांब म्हटलं की थांबणं, चारही पाय उचलू देणं. पाऊल पुढे पडलं त्या क्षणी दोरी सैल सोडते, क्षणभरही उशीर नाही, कारण घोडा ओढीतून शिकत नाही, ओढ सुटण्यातून शिकतो. मागचा उजवा पाय ती हिसकावून घेत होती. काकांनी दाखवलं: पाय धरून ओढत बसायचं नाही, नुसता मांडीवरून खालपर्यंत हात न्यायचा आणि ती हलली नाही तर हात काढून घ्यायचा. आता पाय हातात ठेवून उभी राहते. कुरणात सोडताना मोरकी काढतेच, नाहीतर ती कुंपणात किंवा दुसऱ्याच्या पायात अडकते.

म्हातारीजवळ सोडल्यावर पहिल्याच दिवशी हिने चाऱ्याच्या ढिगात नाक खुपसलं. म्हातारीने कान मागे टाकले, एक पाऊल पुढे आली, आणि ही दात वाजवत मागे सरकली. त्यानंतर थांबायला शिकली, माझ्या बादलीपाशीसुद्धा.

14 मार्च

वर्षाची झाली. खांद्याशी 131 सेंटिमीटर, पुठ्ठ्याशी 134. मागून उंच आहे आणि बघायला जरा ओबडधोबड दिसते, पण या वयात मागचा भाग आधी वाढतो आणि पुढचा नंतर गाठतो. वजन फितीने 250 किलोच्या जवळ. वर्षाचं शिंगरू अंतिम उंचीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आलेलं असतं, म्हणजे आईच्या उंचीला पोचेल असं दिसतं. छाती चांगली रुंदावली आहे. पुढचे पाय समोरून बघितले तर सप्टेंबरपेक्षा स्पष्टपणे सरळ. डावा जवळजवळ पूर्ण, उजवा अजून थोडा बाहेर.

पुढचा बेत. दोन वर्षांची होईपर्यंत कुरण, कळप, आणि अधूनमधून म्हातारीच्या मागे दोरीवर डोंगरवाटेने चालणं: पाणी ओलांडणं, दगड, वाहनांचा आवाज. लांब दोरीवर गोल गोल पळवणं नाही, वळणावर कोवळ्या सांध्यांवर तिरका भार येतो. दोन-अडीच वर्षांच्या दरम्यान गुडघ्यावरची वाढ थांबली का ते क्ष-किरणात बघायचं. तिसऱ्या वर्षी खोगिराची ओळख, साडेतीनच्या पुढे पाठीवर हलका स्वार, थोडा वेळ, कदमच. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांच्या आसपास पूर्ण होते, म्हणून लांब रपेट त्याआधी नाही. काही जण दोन वर्षांच्या घोड्यावर बसतात आणि तो चालतोही. माझा घोडा वीस वर्षांचा असतानाही चालायला हवा आहे.

28 तारखेला नालबंद येतोय. उजव्या पुढच्या खुराची आतली कड जास्त झिजतेय, ती त्याला दाखवायची आणि बाहेरची बाजू तेवढीच घासून समतोल करून घ्यायची. पुढच्या वेळी सहाऐवजी पाच आठवड्यांनीच बोलवायचं.